कसूर कुणाची?

वकिलाकडे किस्से साठतात, त्यात वकिलाची हुशारी काही नसते. केस संपते, पक्षकार गावाला जातो, फाइली उंदीर कुरतडतात, आणि किस्सा तेवढा आपल्या डोक्यात राहतो. मी हिंगोलीच्या मुन्सिफ कोर्टात निजामाच्या अमलातली शेवटची बरीच वर्षं काढली. त्या कायद्यातलं आज काही कामाचं उरलेलं नाही. किस्से मात्र अजून जागचे हलत नाहीत. कुणी चहा पाजला की बाहेर येतात, नाही पाजला तरी येतात!

आमची बाररूम म्हणजे जुन्या छावणीतला घोड्यांचा तबेला. गोरे साहेब गेले, त्यांचे घोडे गेले, आणि रिकामी जागा वकिलांना मिळाली. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या. त्यांना आम्ही शेरवान्या अडकवायचो. नवा पक्षकार दारात येऊन विचारायचा, "वकील हितंच बांधतेत का?" आम्ही कंटाळून म्हणायचो, "हो, ये आत."

तबेल्यात आम्ही तिघं कायमचे. एक मी. दुसरे दाजीबा वकील, आवाज एवढा मोठा की मुन्सिफाच्या आधी बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे ऐकायचे. तिसरे मोहियुद्दीन वकील, सगळ्या गावाचे मोहीसाब. सडपातळ, हळू बोलणारे, शेरवानीचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावणारे. कोर्टात मी आणि मोहीसाब बहुतेक वेळा समोरासमोर असायचो. बाहेर आलो की एका बशीतला चहा दोघांत.

आणि समोर न्यायाच्या खुर्चीवर मुन्सिफ. ते बदलत राहायचे. मुन्सिफ बदलला की कायदाही बदलायचा, हे मला फार उशिरा कळलं.

*

पहिले पानवाले मुन्सिफ. दावा कसलाही असो, ते पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत आणि विचारत, "कसूर किसका?"

नुकसान भरून द्यायचं तर ज्याची कसूर त्यानं. कसूर सापडली नाही तर नुकसान जिथं पडलं तिथंच पडून राहणार. तेव्हाचा आमचा सगळा दिवाणी कायदा या एका खुंट्याला बांधलेला होता.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ग्यानबा नावाच्या शेतकऱ्याचा बैल बाबूमियां मनियाराच्या बांगड्यांच्या टोपलीत घुसला. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला. बाबूमियांकडून मी, ग्यानबाकडून दाजीबा.

मुन्सिफांनी विचारलं, "बैल मारका आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं का?" माहीत असून मोकळा सोडला तर कसूर, नाहीतर नाही.

ग्यानबानं कानाला हात लावले. "न्हाई सायेब. लई गरीब जनावर हाय. लेकरू बी शेपटी वढतंय त्याची."

दाजीबा गरजले, "हुजूर, हा बैल म्हणजे साक्षात गाय आहे!"

ग्यानबा त्याच बैलाच्या गाडीतून आला होता आणि बैल बाहेर लिंबाला बांधलेला होता. दाजीबांच्या आवाजानं की कशानं कोण जाणे, त्यानं दावं तोडलं आणि कोर्टाच्या कारकुनानं, पेशकारांनी, उन्हात वाळायला उघडून ठेवलेली छत्री शिंगावर घेतली. छत्री घेऊन तो कोर्टाच्या दारापर्यंत आला. मुन्सिफांनी स्वतः पाहिला.

दुपारी निकाल झाला. बांगड्यांच्या वेळी मालकाला बैलाचा स्वभाव माहीत नव्हता, सबब दावा खारिज. छत्रीच्या वेळी मात्र माहीत होता, कारण सकाळपासून कोर्टात दुसरं काही चाललंच नव्हतं. सबब छत्री भरून द्यावी!

बाबूमियां तबेल्यात येऊन बसले. मग म्हणाले, "म्हंजे वकीलसाब, पैलं शिंग फुकट का?"

मी म्हटलं, "कायदा तसाच आहे."

"मग माझीच टोपली का गावली कायद्याला पैल्या शिंगाला?"

*

औंढ्याच्या जत्रेतला किस्साही पानवाल्यांच्याच काळातला. एका देशमुखांचा गडी म्हादू मालकाची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन शिवरात्रीला औंढ्याला गेला. गर्दीत बैल बुजले आणि दमणी हलवायाच्या पालात शिरली. जिलब्यांच्या पराती मातीत गेल्या. हलवायानं देशमुखांवर दावा लावला.

कायदा असा की गडी मालकाच्या कामावर असेल तर गड्याची चूक मालकाच्या माथी. स्वतःच्या कामाला गेला असेल तर मालक मोकळा. गड्याकडून काही वसूल होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे गडी कुणाच्या कामाला गेला होता यावरच सगळी केस.

देशमुख म्हणाले, "तो आपल्या देवदर्शनाला गेला. मी काही काम सांगितलं नव्हतं." मोहीसाब त्यांचे वकील, त्यांनी मुद्दा सुरेख मांडला.

मग हलवायाकडून मी म्हादूला विचारलं, "निघताना मालक काहीच बोलले नाहीत?"

म्हादूनं मालकाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "तसं काय न्हाई सायेब. चाललाच हायीस तर माझ्या नावानं बी एक बेल वाहा, येवढंच म्हन्ले."

मुन्सिफांनी देशमुखांना विचारलं, हे खरं का? देशमुख चांगलेच अडकले. नाही म्हणावं तर नागनाथाला वाहिलेला बेल नाकारल्यासारखं, आणि हो म्हणावं तर म्हादू मालकाच्या कामावर!

बराच वेळ मिशी चावून देशमुख म्हणाले, "बेल माझा व्हता, हुजूर. जिलब्या त्याच्या."

पानवाल्यांनी पान गालात फिरवलं. "देशमुखसाब, बेल गाडीतून गेला की चालत?"

देशमुख हरले. बाहेर आल्यावर मोहीसाबांना म्हणाले, "जाऊ द्या. बेल तर पोचला!"

*

आमच्या तबेल्यातही देवधर्म होताच. खंडेनवमीला लोहार आपला घण पुजतो, शेतकरी विळा पुजतो. वकिलाचं हत्यार म्हणजे कायद्याची पुस्तकं. वर्षभर ती लाल बासनात गुंडाळलेली असायची. त्या दिवशी बासनं सोडून, पहिलं पान उघडून पाटावर मांडायची आणि दाजीबांनी त्यांना हळद-कुंकू वाहायचं.

मोहीसाब पूजेला बसत नसत, पण पुस्तक न चुकता आणून द्यायचे. मी पहिल्यांदा विचारलं, "मोहीसाब, तुम्हांला चालतं?" ते म्हणाले, "मैं नहीं बैठता, वो मेरा मामला है. किताब तो बैठेगी. उसका क्या कसूर?"

दाजीबांचा हात सढळ. एका वर्षी त्यांनी उत्साहात पुस्तकाच्या मधल्या पानांतही मूठभर कुंकू टाकलं. पुढच्या आठवड्यात कोर्टात ते गरजत कलम वाचायला उभे राहिले आणि मध्येच थांबले. ओळच दिसेना!

मुन्सिफ म्हणाले, "पढिए, पढिए."

दाजीबा म्हणाले, "हुजूर, पुढचा कायदा देवाला वाहिलेला आहे."

*

आता गिरजाची केस. ही सांगताना मला अजूनही थकल्यासारखं होतं, पण ही सोडून बाकीचे किस्से सांगण्यात अर्थ नाही.

हिंगोलीत तेव्हा कापसाची जिनिंग होती. गिरजा तिथं जीनमध्ये कापूस घालायच्या कामाला होती आणि तिचा नवरा मारोती तिथंच हमाल. शेठच्या आईची पद्धत अशी, की हंगामाच्या सुरुवातीला, खंडेनवमीला, मशीनच्या रुळाला कामावरच्या सवाष्णीनं कुंकू लावायचं. त्या वर्षी मान गिरजाला मिळाला. रुळावर लोखंडी झाकण असतं. कुंकू झाकणाला लावून कसं चालेल? देव तर आत. म्हणून झाकण काढलं, गिरजानं रुळाला कुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला, सगळ्यांनी हात जोडले, प्रसाद वाटला. झाकण भिंतीशी उभं राहिलं ते राहिलंच.

दसरा झाला आणि हंगामाचं पहिलं मशीन सुरू झालं. हार रुळात ओढला जाऊ लागला. गिरजा समोर होती. तिनं हार काढायला हात घातला.

उजवा हात मनगटापासून गेला.

ती माझ्याकडे आली तेव्हा जखम भरली होती. मला वाटलं, भरपाई मागायला आली असेल. तिची तक्रार वेगळीच होती.

"वकीलसायेब, सासू म्हन्ती, कुकू लावताना तुझ्या मनात कायतरी वंगाळ आलं आसंल, म्हून देवी कोपली. आता गल्लीत बी माझ्या हातचं कुकू कोनी घेईना. वटी भरायला बोलवीनात. तोंडावर बोलत न्हाईत, पन दार लावून घेतेत. कोर्टात माझी कसूर न्हाई म्हून लिवून घ्या. सरकारी कागुद आसला तर सासू तोंड उघडायची न्हाई."

"आणि भरपाई?"

"ते मंग बघू. आधी तेवढं लिवून घ्या."

दावा शेठवर लावला. शेठकडून मोहीसाब. त्यांनी उलटतपासणीत अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, मशीन सुरू आहे हे दिसत होतं?"

"दिसत व्हतं."

"मग हात काहून घातला?"

"हार आडकला व्हता, वकीलसाब. म्याच घातलेला हार. देवाचा हार रुळात चिरडून राहिला, आन् म्या बघत बसू? तुमी बसला असता का?"

मोहीसाबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. खाली बसले आणि वरचं बटण सोडलं. ते बटण सोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण पानवाल्यांनी विचारायचं ते विचारलं. "हाथ आपने खुद डाला?"

"व्हय. हार काय आपसूक निघतो का?"

निकाल आला. झाकण पूजेसाठी सगळ्यांच्या संमतीनं काढलं होतं. चालू मशीनमध्ये वादीनं स्वतः हात घातला. कसूर वादीची. दावा खारिज.

लिंबाखाली मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी माझीच कसूर आसं लिवलं?"

"हो."

"सरकारी कागदावर?"

"हो."

"मंग आता सासूचं खरं झालं," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि पदरानं तोंड पुसून निघाली. कोर्टात हरणं मला नवं नव्हतं. पण त्या दिवशी मला वकिलाची शेरवानी घालायची लाज वाटली.

अपील केलं. परभणीच्या जिल्हा जज्जसाहेबांनी निकाल रद्द करून केस परत पाठवली, पुन्हा चौकशी करा म्हणून. गिरजाला सांगितलं, तो शब्द खोडला. ती म्हणाली, "खोडला, बरं झालं. मंग तिथं काय लिवलं?"

तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

*

तोवर पानवाले बदलून गेले आणि चष्मेवाले मुन्सिफ आले. हे बोलायचे कमी आणि चष्म्यावरून पाहायचे जास्त. यांच्या पहिल्या मोठ्या निकालानं आमचा तबेला हादरला.

डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचं तण पेटवलं. दिवस शांत होता, त्यानं पाण्याची घागरही जवळ ठेवली होती. अचानक वारा उठला आणि शेजाऱ्याची कडब्याची गंज खाक झाली. जुन्या हिशेबानं त्याची कसूर काहीच नव्हती. दाजीबा त्याचे वकील. आवाज लावून ते म्हणाले, "हुजूर, आग माणसाची, पण वारा परमेश्वराचा! ही ईश्वरी करणी. यात माझ्या पक्षकाराची कसूर नाही, असलीच तर वर बसलेल्याची आहे!"

चष्मेवाल्यांनी फाइल उलटीसुलटी केली. "वकीलसाहब, प्रतिवादीच्या खान्यात परमेश्वराचं नाव दिसत नाही."

"नाही, हुजूर."

"त्याला समन्स गेलं होतं?"

"नाही, हुजूर."

"मग जो हजर नाही त्याच्या माघारी त्याच्यावर इल्जाम लावू नका. आग ज्यानं आणली, ती बाहेर गेली तर जवाब त्यानंच द्यायचा. चूक असो वा नसो."

चूक असो वा नसो! असलं काही आम्ही त्या कोर्टात ऐकलं नव्हतं. दाजीबा तबेल्यात डोकं धरून बसले. "कसूर नाही आणि तरी जबाबदार? मग वकिलांनी भांडायचं कशावर?" मी मात्र धावत गिरजाची फाइल काढली. आग आणणारा जबाबदार, तर दात्यांचं मशीन आणणारा का नाही? मी चांगली तयारी केली. तारीख पडली. तारखेच्या आदल्या आठवड्यात चष्मेवाल्यांची बदली झाली!

गिरजा तारखेला बिदरहून चालत यावं तशी थकून आली होती. मी सांगितलं, साहेब बदलले. ती म्हणाली, "दर साली हंगाम नवा, सायेब नवा. माझंच तेवढं जुनं हाय."

*

मध्ये कोर्ट काही महिने मुन्सिफाविना होतं. त्या काळात तबेल्याचं एक कौल निसटून मोहीसाबांच्या खांद्यावर पडलं. लागलं फार नाही, पण आमच्या तिघांचा वाद जुंपला. जबाबदार कोण?

दाजीबा म्हणाले, जागा सरकारची, सरकार जबाबदार. मी म्हटलं, वापर आपला, म्हणून आपण. मोहीसाब खांदा चोळत म्हणाले, "पण माकडानं हलवलं असेल तर?" मग माकड कुणाचं, इथपर्यंत चर्चा गेली. दाजीबांनी पुस्तकांचे दाखले दिले. आठवडाभर असा वाद आम्ही कोर्टातही कधी घातला नव्हता.

जबाबदारी काही ठरली नाही, म्हणून कौल कुणी बसवलं नाही. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी नेमकं दाजीबांच्या बैठकीवर गळू लागलं. मोहीसाब हळूच म्हणाले, "आता कसूर कुणाची ते सांगा, दाजीबा."

*

शेवटी तरुण मुन्सिफ आले. हैदराबादेत शिकलेले, नवी पुस्तकं वाचणारे. बाहेर दिवस फार वाईट होते. निजामाच्या राज्याचा शेवट जवळ आलेला, रस्त्यांवर रझाकारांची भीती, कितीतरी कुटुंबं हद्दीपलीकडे निघून गेलेली. पक्षकार येईनात, साक्षीदार येईनात. गिरजा मात्र तारखेला येत होती.

त्या उन्हाळ्यात निकाल वाचला गेला. तरुण मुन्सिफांनी लिहिलं होतं, मशीन मालकाचं, त्यातून होणारी बरकत मालकाची, तर त्यातून होणारी इजाही मालकाच्या माथी. मालक जबाबदार. आणि पुढे, "कसूर कोणाची होती हे ठरवण्याची या अदालतीला गरज वाटत नाही."

मी खुर्चीतच डोळे मिटले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. दाजीबांनी बाहेर येऊन मला मिठी मारली. मोहीसाब हरले होते, तरी त्यांचा चेहरा उजळला होता. "क्या उमदा फैसला है! बाई का गुजारा बंध गया!"

गिरजा लिंबाखाली उभी होती. मी सांगितलं, "गिरजाबाई, जिंकलीस! शेठनं जन्मभर तुला पोसायचं."

"आन् माझी कसूर न्हाई, ते लिवलं ना?"

मी म्हटलं, "त्याची गरजच पडली नाही. आता नव्या विचारात कसूर बघतच नाहीत."

"बघितलीच न्हाई?"

"नाही."

"येवढी वर्सं कोर्टात आले, आन् बघितलीच न्हाई?" ती रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं. "मंग सासूला काय सांगू? कोर्टानं बघितलंच न्हाई म्हून सांगू?"

नवा कायदा चांगला होता, आजही मी तेच म्हणेन. पण तिनं मागितलेली एकच गोष्ट त्यात नव्हती.

मोहीसाब थोड्या अंतरावर शेरवानी झटकत होते. ते पुढे आले. "गिरजाबाई, येत्या खंडेनवमीला आमच्या तबेल्यात ये. आमच्या पुस्तकांना कुंकू लागतं. या साली तुझ्या हातचं."

गिरजानं विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडे पाहिलं. "डाव्या हातानं चालंल?"

"किताब को क्या मालूम, बाई, दायाँ कौनसा और बायाँ कौनसा."

*

भाद्रपदात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. गावात लोक नाचले, मीही नाचलो. खोटं कशाला सांगू? आणि त्याच दिवसांत ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा कितीतरी मुसलमान घरांना भोगावं लागलं. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, कसूर कुणाची म्हणून.

मोहीसाब घराबाहेर पडेनात. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा आतून त्यांच्या बेगमचा आवाज आला, "तबीयत ठीक नहीं." दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा जायचं मला धाडस झालं नाही.

महिनाभरात खंडेनवमी आली. कोर्ट सुरू झालेलं नव्हतं. मी आणि दाजीबा सवयीनं तबेल्यात गेलो, जळमटं काढली, पाट मांडला. दाजीबांनी त्यांची बासनं सोडली, मी माझी. पूजा करायची की नाही, दोघांनाही कळत नव्हतं.

तेवढ्यात दारात गिरजा उभी राहिली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. मागे तिची सासू, हातात करंडा घेऊन. म्हातारी आमच्याकडे न पाहता म्हणाली, "तिला येक हात. करंडा कोन धरनार? म्हून आले. न्हाईतर म्या काय येत न्हवते."

गिरजानं पाटावरची पुस्तकं पाहिली. "वकीलसाबाचं पुस्तक कुटं हाय?"

दाजीबा म्हणाले, "ते घराबाहेर पडत नाहीत."

"पन मला तर त्येनीच बोलावलं व्हतं," गिरजा म्हणाली आणि वळून चालू लागली. सासू करंडा सांभाळत तिच्या मागे. मी सासूच्या मागे. दाजीबा समईजवळ थांबले.

मोहीसाबांचं दार बंदच होतं. गिरजानं डाव्या हातानं कडी वाजवली. "वकीलसाब, म्या गिरजा. तुमी बोलावलं व्हतं, म्या आले."

आतून आवाज आला, "तबीयत ठीक नहीं."

"नसू द्या बरी. पुस्तक तर द्या. त्याची काय कसूर?"

मग अडसर सरकला. मोहीसाब बाहेर आले. पार वाळले होते. शेरवानीचं वरचं बटण लावलेलं, काखेत लाल बासन.

आम्ही बाजारातून परत निघालो. पुढे गिरजा, तिच्यामागे करंडा घेतलेली सासू, मग मोहीसाब, शेवटी मी. दुकानांतले लोक उठून पाहत होते. जिनिंगच्या चार बायका रस्त्याकडेला उभ्या होत्या, त्यांतली एक पुढे झाली आणि आमच्याबरोबर चालू लागली. मग दुसरीही आली.

तबेल्यात मोहीसाबांनी बासन सोडून पुस्तक पाटावर ठेवलं आणि नेहमीसारखे बाजूला जाऊन उभे राहिले. सासूनं करंडा पुढे धरला. गिरजानं डाव्या हाताचं बोट बुडवून एकेका पुस्तकाला कुंकू लावलं. दाजीबांचं झालं, माझं झालं. मोहीसाबांच्या पुस्तकापाशी तिचं बोट आलं तेव्हा ते मागून म्हणाले, "थोडं कमी, बाई. कलम दिसलं पायजे."

सासू हसली. मग तिनं आपलं कपाळ सुनेपुढे केलं, आणि गिरजानं तिलाही लावलं. दारातल्या बायकाही पुढे आल्या.

दाजीबांनी प्रसाद वाटला. सगळे उठले. गिरजा पाटासमोर बसूनच होती.

सासू म्हणाली, "ऊठ की गं. झालं ना समदं?"

गिरजा उघड्या पुस्तकांकडे पाहत होती.

"आधी झाकनं लावा," ती म्हणाली. "समद्यांची. मंग म्या उठते."